हनुवटी जरा खाली

...त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या नालावर वरच्या अंगाला टिटवीचे, त्याच्या लेकीचे, वरचे दात उमटले होते आणि खालच्या अंगाला खालचे, आणि तो नाल बोटांत उलटसुलट करत असताना त्याला राहून राहून वाटत होतं की हा आता आपल्याला चावणार. एवढासा तुकडा, सकाळीच प्रिंटरमधून निघालेला, अजून किंचित चिकट. ह्याला इथे हॉस्पिटलात सगळे वेफर म्हणतात. टिटवीनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली होती, "म्हणजे बाबा, तू दिवसभर तिकडे वेफर्स करतोस होय? आणि मी मैत्रिणींना काय काय सांगत असते!" तेव्हा तो हसला होता. परवा सर्जन मॅडम तिचा जबडा कापून मोकळा करतील, हा नाल तिच्या दातांत बसवतील आणि नाल सांगेल तिथे हाड स्क्रूनं पक्कं होईल... जन्मभरासाठी. वेफर दोन लागतात. दुसरा नुसता दाताला दात जुळवतो, त्यात चुकायला फारशी जागा नसते. चेहरा कुठे बसणार ते हा पहिला ठरवतो. आणि ह्याला काय सांगायचं ते ह्या पडदे ओढलेल्या खोलीत, ह्या खुर्चीत बसून, त्यानं ठरवलं होतं. तिच्या बापानं.

इथे त्याला मूर्तिकार म्हणतात. चेष्टेत सुरू झालं आणि चिकटलं. स्कॅनमधून हाडं येतात, तोंडात फिरवायच्या छोट्या कॅमेऱ्यातून दात येतात, फोटोंमधून कातडी येते, आणि हे तीन घरचे तीन पाहुणे एकमेकांत असे मिसळून द्यायचे की स्क्रीनवर एक अख्खं डोकं फिरायला लागावं. मग ऑपरेशन आधी त्या डोक्यावर करून बघायचं. चुकलं तर परत; ते डोकं ओरडत नाही, त्याला रक्त येत नाही. परक्यांची कितीतरी डोकी त्यानं अशी वरून, खालून, नाकपुडीतून आत शिरून बघितली होती आणि कधी संकोच म्हणून वाटला नव्हता. टिटवीचं डोकं स्क्रीनवर आलं त्या दिवशी मात्र तो उठला आणि दार लावून आला. कातडीचा थर बाजूला केला, खाली हाड दिसलं – आणि ते हाड माझं होतं. खाण तशी माती, दुसरं काय! आजोबांचं, मग बाबांचं, मग माझं; इस्टेट म्हणून आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आली ती ही एवढीच एक वस्तू.

शाळेत त्याला ड्रॉवर म्हणायचे. "ए ड्रॉवर, बंद कर की, झुरळं शिरतील!" खालचा जबडा पुढे, उघड्या राहिलेल्या खणासारखा... म्हणजे नाव अगदीच चुकीचं नव्हतं, पोरांच्या डोळ्यांना दाद द्यायला हवी. त्यावर त्यानं कुणालाही न विचारता एक उपाय शोधून काढला होता. मान थोडी खाली. हनुवटी कॉलरमध्ये. वर हाताची मूठ, काहीतरी विचार चाललाय अशी. लोकांना वाटतं, विचारी माणूस आहे. विचार कसला डोंबलाचा! लग्नानंतर बायको कौतुकानं म्हणाली होती, "तुम्ही फार नम्र वाटलात हो पहिल्यांदा, सारखी आपली मान खाली," आणि तो गप्प बसला होता, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मग इतकी वर्षं झाकलेलीच राहिली. इतकी, की आपली मान खाली आहे हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं. दाढी करताना आरशात दिसतो तो माणूस सरळ उभा आहे असंच त्याला वाटतं.

आणि मग टिटवीचे दुधाचे दात पडले, नवे आले, आणि खालचे वरच्यांच्या पुढे येऊन उभे राहिले.

हे सगळ्यांच्या आधी त्यानं पाहिलं होतं. ती ब्रश करत होती, फेसानं भरलेलं तोंड उघडून आरशात स्वतःलाच वेडावत होती, आणि दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या त्याला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाची तरी वस्तू चोरून आणावी आणि ती मुलीच्या दप्तरात सापडावी तसं. त्यानं टॉवेल दिला. काही बोलला नाही. तेव्हा ती एवढं बोलायची की तिला टिटवी नाव पडलं ते उगाच नाही. तिच्यासमोर गप्प राहणं सोपं होतं, कुणाच्या लक्षातही यायचं नाही...

स्क्रीनवर दोन टिटव्या होत्या. डावीकडे आत्ताची, उजवीकडे परवानंतरची. उजवीकडची त्यानं घरी लॅपटॉपवर दाखवली तेव्हा बायको हात तोंडाशी नेऊन म्हणाली, "अय्या, ही तर डिट्टो माझी धाकटी बहीण!" आणि टिटवी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मावशी चालेल. मावशी झकास आहे." दोघी हसल्या. तोही हसला. पण आत कुठेतरी बारीकशी कळ आली होती, ती त्यानं तेव्हा पाण्याच्या घोटाबरोबर गिळली... माझं काहीच उरलं नाही का त्यात? अरे वा रे शहाण्या. जन्मभर जे लपवलंस ते पोरीच्या तोंडावरून जातंय तर तुला त्याचं वाईट वाटतंय?

तो नाल टेबलावर ठेवून उठला. पाणी प्यायला.

पाण्याचं मशीन बाहेर आहे, आणि खोलीच्या दाराला उभी काच आहे. त्या काचेतून कॉरिडॉरमधल्या खुर्च्या दिसतात. तपासणीचं रक्त द्यायला आणि वेफर दातांवर बसवून बघायला टिटवी आज येणार होती हे त्याला ठाऊक होतं; तरी भिंतीशी फोन कानाला लावून बसलेली ती मुलगी कोण, हे क्षणभर त्याला कळलं नाही. तिचं डोकं मागे भिंतीला टेकलं होतं. फोनवरचं कुणीतरी काहीतरी फार विनोदी सांगत असावं, कारण ती हसत होती – तोंड उघडून, गळ्याची शीर दिसेपर्यंत, आणि तो जबडा, आमचा तो पिढीजात जबडा, ट्यूबलाइटच्या उजेडात बिनधास्त पुढे आला होता आणि तिला त्याचं काहीएक नव्हतं. "गप गं बाई, मरेन मी!" असं काहीतरी ती म्हणाली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईही उगाचच हसू लागल्या होत्या.

एवढं मोठं हसू हिच्याकडे आहे?

तो दारातून बाहेर आला. तिनं त्याला पाहिलं. आणि... ते एवढ्या सहज झालं की दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. ओठ मिटले. फोन खाली आला. हनुवटी सावकाश खाली गेली, ओढणीच्या घडीत जाऊन बसली, घरात रोज बसते तशी. मग तिनं भुवया तेवढ्या वर केल्या.

"काय रे बाबा?"

"काही नाही. पाणी."

"मॅडम बोलावतील म्हणाल्या थोड्या वेळात."

"हो हो. बस तू."

पाणी न पिताच तो परत आला. दार लावलं. खुर्चीत बसला.

हनुवटी जरा खाली, बेटा... हां, अस्सं.

हे कोण म्हणत होतं? केक कापताना, शाळेच्या पहिल्या दिवशी, समुद्रावर वाळूत बसलेली असताना, कुणाच्या लग्नात नवे कपडे घालून – कॅमेरा नेहमी त्याच्याच हातात असायचा, आणि बटण दाबायच्या आधी नेहमी हेच. हनुवटी जरा खाली. तिचं भलं व्हावं म्हणून, फोटो चांगला यावा म्हणून. घरातल्या सगळ्या अल्बममध्ये तिचा बाजूनं काढलेला एकही फोटो नाही, हे त्याला आत्ता ह्या क्षणी कळलं. आणि सगळीकडे ती थोडी खालून वर बघतेय, लाजाळू मुलीसारखी. ती लाजाळू नव्हतीच कधी! बोलून बोलून डोकं उठवायची. नातेवाईक म्हणायचे, फोटोत किती शांत दिसते हो तुमची लेक. माझी लेक. बाकी जगासमोर तिची मान वर असते, आणि माझ्यासमोर... फक्त माझ्यासमोर...

आणि तो फोटो?

ह्या कामात एक फोटो असा असतो की सगळं त्याच्यावर उभं राहतं. माणसाला आरशासमोर उभं करायचं, मागे दोरीला वजन बांधून सोडलेला ओळंबा, आणि सांगायचं, आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघा. बस. पुढे चकार शब्द नाही. माणूस स्वतःकडे बघताना जशी धरतो तीच त्याची खरी मान. स्कॅन तर झोपवून काढलेला असतो, त्यातून मान कळत नाही. म्हणून स्क्रीनवरचं डोकं ह्या फोटोबरहुकूम सरळ करायचं, मग चेहऱ्यासमोर वरून खाली एक उभी रेघ सोडायची, आणि जबडा त्या रेघेच्या किती पुढे, किती मागे ते बघून सगळा बेत आखायचा. नव्या लोकांना तो स्वतः शिकवतो. "ह्या वेळी तोंडाला कुलूप. तुम्ही सांगितलीत तर ती तुमची मान झाली, त्याची नाही." अगदी ह्याच शब्दांत, बोट वर करून. लोक लिहून घेतात.

टिटवीच्या वेळी ती आरशासमोर उभी राहिली, म्हणाली, "अशी?" आणि मी काय म्हणालो? आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. श्वास घेतलेला कुठे आठवतो माणसाला? पण ती ओढणी सावरून उभी होती, मी कॅमेऱ्याच्या मागे होतो, आणि कॅमेऱ्याच्या मागे असताना माझ्या तोंडून दुसरं काय निघणार? आणि म्हटलं नसेन तरी काय फरक पडतो? मी खोलीत होतो ना.

फोटो त्यानं उघडला. ओळंब्याच्या दोरीशेजारी ती उभी होती, मान खाली. पूर्वी हा फोटो त्यानं कितीदा पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याला ती मान सरळच दिसली होती. का नाही दिसणार! ती त्याचीच मान होती.

मग त्यानं माउस धरला, आणि उजवीकडच्या टिटवीचं, परवानंतरच्या त्या गोड टिटवीचं डोकं हळूहळू वर उचललं. कॉरिडॉरमध्ये होतं तेवढं नाही. आरशात स्वतःला बघणारी एखादी आनंदी मुलगी उचलेल तेवढंच. रेघ जागच्या जागी राहिली आणि तिचं तोंड रेघेच्या पुढे निघून आलं. दात चोख बसलेले, वरचे खालच्यांवर, कुणी बोट ठेवू नये असे. पण वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे मिळून पुढे. मान खाली असल्यामुळे हनुवटी मुळातच मागे दिसली, म्हणून मागे घ्यायचं ते कमी घेतलं गेलं, वरचं पुढे आणायचं ते जास्त आणलं गेलं. ड्रॉवर बंद झाला होता, पण टेबलाच्या बाहेरच.

त्यानं डोकं पुन्हा खाली केलं. सुंदर. वर. ड्रॉवर. खाली. मावशी. वर...

म्हणजे मी हे केलं. मान खाली घालेल तोवरच छान दिसेल असा चेहरा मी माझ्या पोरीला करून दिला. हाडात. स्क्रूनं आवळून.

कान तापले होते. एकटाच असूनही त्यानं हात तोंडावर घेतला, आणि मग तो हात तिथे आहे हे कळून तसाच धरून बसला. आता करायचं काय? एक मन म्हणत होतं, आणि ते मन घाणेरडं होतं तरी त्याचं बोलणं बिनतोड होतं – कुणाला कळणार आहे? दात जुळतील. चावता येईल. आत्तापेक्षा शंभर पटीनं बरी दिसेल. मॅडमनी बेत तपासला, सही केली. त्या हाडं बघतात, मान त्यांनी तुझ्यावर सोडलेली. उद्या कुणी म्हणालंच की जरा पुढेच राहिलं, तर म्हणता येईल, असतं थोडंफार, आनुवंशिक आहे. बापाकडे बघा की! आणि बापाकडे बघून लोक मान डोलावतील. टिटवीसुद्धा.

आणि ही नुसती चूकच होती, हे तरी कशावरून? ती कळ आठवली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळलेली. माझं काहीच उरलं नाही का... नाही, फोटो त्याच्या आधीचा. फोटो कितीतरी आधीचा आहे, तेव्हा मला काय ठाऊक ती कुणासारखी दिसणार. पण घरी दाखवलं त्या रात्रीनंतर एकदा पुन्हा बेत उघडला होता ना? तेव्हा मान डोळ्यांना खटकली नाही, की खटकू दिली नाही? त्यानं स्वतःला नीट विचारलं, आणि नीट उत्तर आलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला तरी कुठे माहीत असतं, आपण कुणाच्या हातात आहोत?

दारावर टकटक झाली आणि उत्तराची वाट न बघता मॅडम आत आल्या. त्या नेहमीच अशा येतात. मागे टिटवी, दंडावर कापसाचा बोळा दाबून धरलेला.

"काय मूर्तिकार, झाला का लेकीचा मुकुट? आणा, बसवून बघू."

नाल त्याच्या मुठीत होता. कधी उचलला कोण जाणे. मूठ पुढे आली, पण उघडेना.

"मॅडम... आरशासमोरचा फोटो परत काढावा लागेल."

"कुणाचा?"

"हिचा. मान चुकलीय त्यात. ह्या वेफरवर जबडा पुढे राहील."

मॅडमचं हसू पुरतं मावळलं नव्हतं, पण डोळे स्क्रीनवर गेले होते. "कुणी काढला होता फोटो?"

आपलेच दात नि आपलेच ओठ...

"मी."

"तुम्ही? काय सांगता! तुमचा फोटो चुकला?" आणि मग, त्याच्याकडे एकदा आणि टिटवीकडे एकदा बघून, जरा हळू, "बरं. काढू या. उद्या दुपारपर्यंत नवा वेफर मिळाला तर परवाची तारीख धरू, नाहीतर पुढे ढकलू. माझी काही हरकत नाही. हाड पळून जात नाही."

त्या आणखी काही विचारतील असं त्याला वाटलं होतं. का चुकली, कशी चुकली. उत्तराची जुळवाजुळवही त्यानं केली होती, अर्धी खरी, अर्धी खोटी. त्यांनी विचारलं नाही. त्यामुळे ते सगळं घशातच राहिलं.

टिटवी कोपऱ्यातल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. ओळंबा हलला, थांबला. त्यानं कॅमेरा लावला, आणि तिनं विचारलं,

"कशी उभी राहू?"

ते तीन शब्द जिभेवर येऊन बसले होते. त्यानं दात आवळले. कुलूप. आणि कुणीही काही सांगितलेलं नसताना, आरशातली हनुवटी सावकाश खाली गेली. तिचे डोळे स्वतःच्या डोळ्यांत नव्हते. ते आरशातून त्याच्याकडे बघत होते, बरोबर आहे ना असं विचारत.

"अगं, स्वतःकडे बघ," मॅडम म्हणाल्या. "बाबांकडे काय बघतेस?"

टिटवीनं प्रयत्न केला. मान वर गेली, अडखळली, परत खाली आली. ती थोडी हसली, ओठ मिटून. मग मागे वळून, खिडकी लावून घेशील का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

"बाबा, तू जरा बाहेर थांबशील?"

रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ह्या मुलीला हे कधीपासून माहीत होतं?

"हो. हो, थांबतो ना." त्यानं कॅमेऱ्याचं बटण मॅडमच्या हातात दिलं. "फक्त दाबायचं, मॅडम. आणि काही... काही बोलायचं नाही तिला."

"अहो, मला शिकवताय?" मॅडम म्हणाल्या, पण नेहमीसारख्या नाही.

दार त्याच्या पाठीमागे लागलं. कॉरिडॉरमध्ये त्या म्हाताऱ्या बाई अजून बसल्या होत्या. त्यांनी ओळखीचं हसून बघितलं आणि त्याचा हात सवयीनं तोंडाकडे निघाला. हातात वेफर होता. निम्म्यावर हात थांबला, मग खाली आला, आणि त्याची हनुवटी तशीच राहिली, जशी आहे तशी, त्या बाईंच्या पुढ्यात. त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. लाज होतीच, अंगभर होती, कानांच्या पाळ्यांपर्यंत होती. पण हनुवटीपाशी ती नव्हती. ती कुठेतरी खाली उतरली होती, छातीच्या आत, हात ठेवून झाकता येणार नाही अशा जागी, आणि तिथे ती आता राहायला आल्यासारखी वाटत होती.

आतून काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ती स्वतःकडे बघत असणार. बघू दे. हवा तेवढा वेळ घेऊ दे. नालाच्या कडा तळहातात रुतत होत्या, पण त्यानं मूठ सैल केली नाही, आणि बंद दाराकडे बघत तो उभा राहिला... दार उघडेल, ती समोर येईल, आणि मला पाहून तिची मान पुन्हा खाली जाईल की नाही जाणार? इथेच थांबावं की निघून जावं, हे त्याला ठरवता येईना.